मुठीच्या कड्याला पाणी कशाला?



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर चढला की श्रोते मनातल्या मनात घड्याळाकडे पाहतात. आता पगार, बोनस आणि महागाई ह्यांचा पाढा सुरू होणार, असे त्यांना वाटते. चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितले, "पोलादावरची नक्षी." त्यांना थोडे नवल वाटले, पण त्यांनी नकार दिला नाही, ह्याबद्दल आम्ही त्यांचे आभारी आहो. अर्थात पगाराची गोष्ट ह्यात येणारच. ती टाळणे आमच्या हाती नाही.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीला थांबले. पुढचे जे काही झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि कामगारांच्या शेजारी उभे राहून झाले. तेव्हा धातुशास्त्राचा कोणी प्राध्यापक श्रोत्यांत असेल तर त्याने आमच्या शब्दांना हसावे, पण आशय तपासून घ्यावा. आम्ही जे सांगणार आहो ते पुस्तकात पाहिले आहे आणि भट्टीपाशीही पाहिले आहे. जेथे दोन्ही जुळले नाही ते येथे सांगणार नाही.

भिवंडी तालुक्यात दिघाशी म्हणून गाव आहे. भिवंडी म्हटले की आपल्यापुढे यंत्रमागांचा खडखडाट उभा राहतो, आणि अलीकडे मैलोगणती पसरलेली गोदामे. पण ह्या तालुक्यात भातशेती अजून आहे, आणि जेथे भात आहे तेथे विळा आला, कोयता आला, आणि लोहारही आला. पावसाळा तोंडावर आला की शेतकरी आपली अवजारे घेऊन लोहाराच्या पालापाशी बसतो. "शेवटणे" हा शब्द आपल्यापैकी ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांनी ऐकला असेल. कुऱ्हाड किंवा फाळ झिजला की त्याच्या टोकाला पोलादाचा नवा तुकडा तापवून, ठोकून, एकजीव करावयाचा. बाकीचे अंग मऊ लोखंडाचे, धार तेवढी पोलादाची. पूर्वी पोलाद महाग होते, म्हणून ही काटकसर. पण त्या काटकसरीत एक मोठी विद्या दडलेली आहे. दोन निरनिराळ्या जातींचे लोखंड वितळू न देता केवळ तापाने आणि घणाने जोडता येते, ही ती विद्या. मध्ये टाकणखार टाकावा लागतो, म्हणजे तापल्या लोखंडावर जमणारी खपली पातळ होऊन घणाच्या घावासरशी बाहेर उडते आणि धातूला धातू भिडतो.

आता हेच काम एकदा न करता अनेकदा करा. दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्या आळीपाळीने रचून थप्पी करावयाची. ती पिवळीधमक तापवून ठोकावयाची, लांबवावयाची, मधोमध छिन्नीने कापून पुन्हा एकावर एक ठेवावयाची. घडीच्या पोळीचे पदर कसे होतात ते आमच्या भगिनींना सांगावयास नको. सात पदरांपासून आरंभ केला तर पाच घड्यांत दोनशे चोवीस पदर होतात. त्या लगडीला पीळ द्या, तिच्यात खाचा पाडून पुन्हा सपाट करा, की पदरांच्या रेषा वळतात आणि पाण्यावरच्या तरंगांसारखी किंवा लाकडाच्या रेघांसारखी नक्षी उमटते. मात्र ती लगेच दिसत नाही. घासून चकचकीत केलेले पाते आरशासारखे एकरंगी असते. नक्षी असते पोटात. ती वर आणावी लागते तेजाबाने.

येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. बाजारात ह्या मालाला "दमास्कस" म्हणतात. जुनी, खरी दमास्कस तलवार ह्या पद्धतीची नव्हती. तिचे पोलाद आपल्या दक्षिणेतले. तेलंगणात, निजामाबादकडे कोनसमुद्रम् नावाचे गाव आहे. तेथले, तसेच कर्नाटक-तमिळनाडूतले कारागीर बंद मुशीत लोखंड आणि कोळशाचे द्रव्य वितळवून पोलादाच्या लहान लगडी काढीत. कानडीत पोलादाला "उक्कु" म्हणतात. त्याचेच साहेबाच्या तोंडी "वूट्झ" झाले, असे बहुतेक अभ्यासक मानतात. ह्या लगडी इराणात आणि अरब मुलुखात जात आणि तेथे त्यांच्या तलवारी होत. त्यांच्यावरची नक्षी पदरांची नव्हे. एकाच लगडीत कार्बनाचे कठीण कण ओळीने जमत आणि त्या ओळी दिसत. जौहर म्हणतात तो हा. हे पोलाद फार तापवले तर घणाखाली भुगा होते. उलट पदरांचे पोलाद फार तापवल्यावाचून जुळतच नाही. एवढा दोहोंत फरक.

ह्या वूट्झचा आणि मुंबईचा एक संबंध आहे, तो सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही. १७९४ साली मुंबईतील हेलेनस स्कॉट नावाच्या डॉक्टराने ह्या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स ह्यांजकडे पाठवले. १७९५ साली जॉर्ज पिअर्सन ह्याने त्यावर निबंध वाचला, आणि निबंधाच्या मथळ्यातच त्याने हे पोलाद मुंबईत तयार होते असे लिहून टाकले! मुंबईहून गलबतावर चढले, म्हणून मुंबईचे. ज्या कारागिरांनी डोळे भाजून ते मुशीतून काढले त्यांचे गावही निबंधात नाही. नावे तर राहोच. पुढे १८२०च्या सुमारास जेम्स स्टोडार्ट ह्या सुऱ्या-कात्र्यांच्या कारागिराबरोबर मायकेल फॅरडेने ह्याच पोलादावर प्रयोग केले. फॅरडे हा लोहाराचा मुलगा. पुस्तके बांधण्याच्या दुकानात उमेदवारी करीत असता बांधावयास आलेली पुस्तके वाचून तो शिकला. आमच्यासारख्या वाचनालयात शिकलेल्या माणसाला त्याच्याविषयी जरा अधिक जिव्हाळा वाटला तर आपण समजून घ्याल.

वूट्झच्या नक्षीचे कोडे बरेचसे सुटले ते विसाव्या शतकाच्या अखेरीस. अमेरिकेतले प्राध्यापक जॉन व्हरहोवन आणि आल्फ्रेड पेंड्रे ह्यांनी १९९८ साली दाखवून दिले की खनिजातून आलेले व्हॅनेडियमसारख्या धातूंचे अगदी अल्प अंश ह्या ओळी घडवून आणतात. ह्यातले पेंड्रे हे व्यवसायाने लोहार. प्राध्यापकाच्या शेजारी लोहाराचे नाव छापले गेले, हे वाचून आम्ही ते पान दोनदा वाचले. पदरांच्या पोलादाची आजची हौस मात्र निराळ्या वाटेने आली. १९७३ साली विल्यम मोरान ह्या अमेरिकन सुरी-कारागिराने आपल्या व्यवसायबंधूंच्या प्रदर्शनात अशा सुऱ्या मांडल्या, आणि तेथून हा छंद जगभर पसरला. आज पाकिस्तानातले वजिराबाद ह्या सुऱ्यांसाठी ओळखले जाते, आणि आपल्याकडेही लहान लहान शेडांतून त्या होतात. परदेशातल्या शौकिनांच्या स्वयंपाकघरात त्या जातात.

अशीच एक शेड दिघाशीच्या बाजूला होती. तिचे नाव आम्ही सांगणार नाही. मालकही लहान माणूस, व्यापाऱ्याच्या उचलीवर चालणारा. आठजण कामाला. त्यांत एक म्हातारे लोहारकाका, मूळचे साताऱ्याकडले, आणि तेजाबाच्या डब्यापाशी एक सतरा-अठरा वर्षांचा पोरगा. पोरगा त्याच भागातला, घरची थोडी भातखाचरे असलेला.

सुरीला पाते असते हे सर्वांना दिसते. पण पाते आणि मूठ जेथे मिळतात तेथे दोन्ही बाजूंनी धातूचे जाड तुकडे बसवतात, आणि मुठीच्या बुडालाही एक टोपण असते. ह्या जोडतुकड्यांना शेडमध्ये सरसकट "कडी" म्हणत, विळ्याच्या मुठीवर लोखंडी कडे असते त्यावरून. तलवारीला जशी परज, तशी सुरीला ही कडी. आता गिऱ्हाइकाची मागणी अशी की पात्यावर जी नक्षी, तीच कड्यावर हवी. म्हणून पात्यांसाठी केलेल्या लगडीचे उरलेले तुकडे कड्यांसाठी वापरीत. हे २०१६ साल. दिवाळीच्या आधी दीडशेच्या आसपास जोड्या व्यापाऱ्याने परत धाडल्या. कारण, नक्षी नाही. पाती काळी-रुपेरी लखलखीत, आणि कडी राखेसारखी करडी. मालकाने तेजाबाच्या पोराला घरी बसवले आणि बाकीच्यांचा अर्ध्या महिन्याचा पगार नुकसानीपोटी कापला. दिवाळी बारा दिवसांवर आली होती.

प्रकरण आमच्याकडे आले. त्या वेळी लागू असलेल्या १९३६च्या वेतन प्रदान कायद्यात स्पष्ट होते की नुकसानीपोटी कपात करावयाची तर ते नुकसान कामगाराच्या हयगयीमुळे झालेले असले पाहिजे, आणि कपातीपूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. संधी कोणालाच दिलेली नव्हती. एवढ्यावरही आम्हांला भांडता आले असते. पण मालक म्हणाला, "ठीक आहे, उद्या विचारतो आणि परवा कापतो." तेव्हा हयगय कोणाची, हे शोधणे भागच होते.

येथे आमच्या हातून एक चूक झाली. शेडमध्ये गेल्यावर आम्ही तेजाबाचा डबा पाहिला. द्राव गढूळ, तळाशी गाळ. आम्ही तेथेच निष्कर्ष काढला की द्राव जुना, म्हणून नक्षी आली नाही. द्राव बदलणे मालकाचे काम, तेव्हा दोष मालकाचा. तसे पत्रही टाइप करून दिले. पोराच्या घरी गेलो तेव्हा तो म्हणाला, "पण भाऊ, त्याच डब्यात त्याच दिवशी पाती काढली, ती काळीभोर आली." आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "तू काळजी करू नको." म्हणजे ऐकले नाही! जो माणूस दिवसभर त्या डब्यापाशी उभा होता, त्याचा पुरावा आम्ही आश्वासनाखाली गाडून टाकला. पत्र मालकाच्या हाती पडताच त्याने तोच प्रश्न आम्हांला विचारला, आणि आमच्यापाशी उत्तर नव्हते. पत्र मागे घ्यावे लागले.

मग आम्ही लोहारकाकांच्या शेजारी बसलो. विचारले, "काका, पात्याला जे जे करता ते सगळे कड्याला करता का?" ते म्हणाले, "समदं करतो. येक पाणी तेवढं देत न्हाई. भाऊ, कड्याला पाणी कशापायी? त्यानं काय लाकूड तोडायचं हाय?"

पाणी देणे म्हणजे काय, ते थोडे उलगडून सांगतो. पोलाद लालबुंद करून एकदम थंड केले की ते कठीण होते. आपल्या भाषेत हे इतके मुरले आहे की धारेचे पाणी, पाणीदार तलवार, आणि पाणीदार माणूसही आपण म्हणतो. पूर्वी खरोखरच पाण्यात बुडवीत, आता पुष्कळदा तेलात बुडवतात. तरी म्हणावयाचे पाणीच. ताप किती द्यावा ह्याची लोहाराची एक खूण आहे. पोलाद सुमारे सातशे सत्तर अंशांवर गेले की त्याला लोहचुंबक चिकटत नाही. तेथून आणखी थोडे वर, आठशेच्या आसपास, नेऊन कोमट तेलात बुडवावे. मग कानस लावून पाहावी. कानस काचेवरून घसरावी तशी घसरली तर पाणी चढले. असे पोलाद कठीण, पण काचेसारखे ठिसूळही. म्हणून ते पुन्हा हलके तापवून पाणी थोडे उतरवावयाचे. घासलेल्या पोलादावर तेव्हा रंग चढत जातात. दोनशे अंशांच्या थोडे वर फिकट पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि तीनशेच्या सुमारास निळा. सुरीच्या पात्याला पिवळ्यावर थांबवतात, कमानीला निळ्यापर्यंत नेतात.

कड्याचे काम उलट दिशेने चाले. त्याला भोके पाडावयाची, कानसने आकार द्यावयाचा, म्हणून ते मुद्दाम मऊ करीत. तापवून राखेत पुरून ठेवावयाचे, सावकाश निवू द्यावयाचे. मग भोके पाडून, घासून, थेट तेजाबात. मालकाचेही म्हणणे होते की कड्याला पाणी देण्यात गॅस आणि तेल फुकट घालवू नका. काकांनाही ते पटले होते. कापावयाचे नाही त्याला काठिण्य कशाला, हा विचार सरळ आहे, आणि आम्हांलाही तो बरोबर वाटला असता.

आता तेजाब काय करते ते पाहू. जुने शिकलगार — शिकल म्हणजे घासून झिलई देणे, मूळ अरबी शब्द — जौहर उठवण्यासाठी हिराकशीचा द्राव वापरीत. आज फेरिक क्लोराइड वापरतात. रेडिओ-टीव्हीच्या तांब्याच्या सर्किटपट्ट्या कोरण्यासाठी जे मिळते तेच हे. विकतच्या द्रावाचा एक भाग आणि पाणी तीन-चार भाग. ह्या शेडमधल्या दोन पोलादांपैकी एकात मँगनीज होते, दुसऱ्यात सुमारे दोन टक्के निकेल. निकेलच्या पोलादाला द्राव सहसा खात नाही, ते रुपेरी राहते. दुसऱ्याला खातो आणि त्यावर काळा थर बसतो. पुष्कळांची समजूत असते की नक्षी कार्बनाच्या कमीजास्तपणामुळे दिसते. वस्तुतः पदर इतके पातळ, आणि जोडताना ताप इतका मोठा, की कार्बन एका पदरातून दुसऱ्यात पाझरून सगळीकडे जवळजवळ सारखा होतो. मागे उरतो तो निकेलचा आणि मँगनीजचा भेद.

मग त्याच लगडीचे पाते काळे आणि कडे करडे का? उत्तर पोलादाच्या पोटात आहे. सावकाश निवलेल्या पोलादात कार्बन लोखंडापासून वेगळा होऊन त्याच्या कठीण पापुद्र्यांच्या आणि कणांच्या रूपाने ठिकठिकाणी जमतो. मधली जागा जवळजवळ निव्वळ, मऊ लोखंडाची. द्राव अशा पृष्ठावर एकसारखा चालत नाही. येथे खातो, तेथे सोडतो. आणि जो पदर काळा व्हावयाचा तो करडा आणि खरबरीत होतो. करड्याशेजारी रुपेरी कितीसा उठून दिसणार? पाणी दिलेल्या पोलादात कार्बनाला वेगळे व्हावयास सवडच मिळत नाही. तो होता तेथेच, सर्वत्र सारखा, कोंडला जातो. ह्या घडणीला मार्टेन्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञावरून मार्टेन्साइट म्हणतात. तिचे पाणी थोडे उतरवले की कार्बनाचे अतिशय बारीक कण सर्वत्र सारखे सुटतात. अशा पृष्ठावर द्राव सारखा चालतो आणि काळा थर दाट, एकरंगी बसतो. शिजताना घातलेले मीठ आणि पानात वरून घेतलेले मीठ ह्यांत जो फरक, तोच हा समजा. मीठ दोन्हीकडे आहे, पण एकीकडे घासागणिक चव निराळी.

म्हणजे कड्याला पाणी द्यावयाचे ते धारेसाठी नव्हे, रंगासाठी. सोबत एक फायदा असा की कठीण कड्यावरची नक्षी हाताळण्याने लवकर झिजत नाही आणि त्यावर ओरखडे कमी उठतात. पाणी मात्र पात्यापेक्षा अधिक उतरवावे, निळ्यापर्यंत किंवा त्याच्याही पुढे, म्हणजे मुठीत खिळा ठोकताना कडे तडकत नाही. काही कारागीर कडी मुद्दाम मऊ ठेवतात आणि तापवून त्यावर निळा-जांभळा रंग चढवतात, तेही सुंदर दिसते. पण पात्याशी जुळणारी काळी-रुपेरी नक्षी हवी असेल तर पाण्यावाचून गत्यंतर नाही, असे आमचे मत झाले आहे.

मत होणे निराळे आणि मालकाला पटवणे निराळे. आम्ही सांगितले, परीक्षा करा. परत आलेल्या मालातला नव्हे, तर ताजा एक तुकडा घेऊन त्याचे मधोमध दोन भाग केले. एक तसाच मऊ ठेवला. दुसऱ्याला काकांनी आधी तीनदा, दरवेळी थोडा कमी ताप देऊन हवेत निवू दिले, म्हणजे पोलादाचा कण बारीक होतो. मग चुंबक सुटल्यावर थोडे वर नेऊन कोमट तेलात बुडवले, आणि तापल्या वाळूवर निळे होईतो धरले. दोन्ही भाग सारखेच घासले. हे घासणेही महत्त्वाचे, कारण भट्टीत पोलादाच्या वरच्या कातडीतला कार्बन जळून जातो. ती कातडी काढली नाही तर पाणी देऊनही रंग फिका येतो. नंतर बोटांचे तेल लागू नये म्हणून दोन्ही साबणाने धुऊन, नायलॉनच्या एकाच दोऱ्याला बांधून, त्याच गढूळ डब्यात एकाच वेळी सोडले. मालक समोर स्टुलावर बसला होता. दहा मिनिटे कोणी बोलले नाही. बाहेर काढून धुतले तेव्हा एक अर्धे काळे-रुपेरी, आणि दुसरे करडे. तिरपे धरले तर करड्यावरही रेषा दिसत होत्या, नाही असे नाही. पण गिऱ्हाईक सुरी तिरपी धरून विकत घेत नाही.

मालकाने तो तुकडा बराच वेळ उलटसुलट केला. तो काही दुष्ट नव्हता. गॅस वाचवण्याची सूचना त्याने तोंडी दिली होती, आणि तोंडी सूचनेचा दोष खालच्या माणसावर ढकलणे सर्वांत सोपे असते. पगार दोन हप्त्यांत परत मिळाला, पहिला हप्ता दिवाळीच्या आदल्या आठवड्यात. परत आलेल्या जोड्यांना काकांनी पुन्हा तापवून पाणी दिले. त्यांतल्या आठ-दहा भोकांपाशी तडकल्या. भोकाची कडा तीक्ष्ण असली की तडा तेथूनच जातो. मग त्यांनी प्रत्येक भोकाची कडा थोडी मोडून घेतली, तेल आधी गरम केले, आणि पुढे तडा गेला नाही. शेडच्या भिंतीवर एका वहीचे पान लागले. कोणत्या तुकड्याला काय करावयाचे, कोणी सांगितले, कोणत्या तारखेला. आमच्या तीस वर्षांच्या कामात ज्या करारांवर आम्ही सह्या केल्या, त्यांतल्या काहींपेक्षा हे वहीचे पान आम्हांला मोलाचे वाटते.

तेजाबाच्या खोलीविषयी दोन शब्द बोलतो, कारण हल्ली पुष्कळ तरुण हौसेने घरी हे प्रयोग करतात. त्या खोलीला खिडकी नव्हती, नळ बाहेर अंगणात, आणि पोरगा उघड्या हातांनी तुकडे बुडवी. त्याची बोटे पिवळी-तपकिरी झाली होती आणि पेरांवरची कातडी फाटलेली. फेरिक क्लोराइडची कोरडी भुकटी पाण्यात पडली की पाणी चांगलेच तापते आणि शिंतोडे उडतात. म्हणून पाण्यात भुकटी थोडी थोडी टाकावी, भुकटीवर पाणी कधीही ओतू नये. हाच नियम कोणत्याही तीव्र आम्लाला. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, उघडी हवा, आणि हाताच्या अंतरावर भरपूर पाणी. डबा प्लॅस्टिकचा किंवा काचेचा. धातूचा डबा द्राव स्वतःच खाऊन टाकतो. बाहेर काढलेला तुकडा खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवावा, म्हणजे तेजाब मरते. मग धुऊन, लगेच कोरडा करून तेल लावावे. आम्ही पगार मिळवून दिला, पण त्या खोलीला खिडकी पाडून घेण्यास आम्हांला आणखी पाच महिने लागले. ज्या शेडमध्ये आठ माणसे असतात तिच्यापर्यंत कारखान्याचा कायदा पोचत नाही. तेथे खिडकी मागावी लागते ती केवळ तोंडाने.

पोराला आम्ही परत बोलावले. दोनदा त्याच्या घरी गेलो. तोवर तो एका गोदामात माल चढवण्या-उतरवण्याच्या कामाला लागला होता. रोज जास्त मिळत होता, आणि तेथे हात पिवळे होत नाहीत असे तो म्हणाला. त्याच्या आईने चहा दिला. तो म्हणाला, "मी सांगितलं होतं ना, भाऊ?" आम्ही म्हणालो, "सांगितलं होतंस." तो शेडवर परत आला नाही. लोहारकाका पुढे दोन वर्षांनी गावी गेले, आणि त्यानंतर लवकरच शेडही बंद पडली.

विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना राहिली. साध्या पोलादावर मेण लावून, तेजाबाने वरवर नक्षी कोरून, तीही "दमास्कस" म्हणून विकतात. संशय आला तर एका कोपऱ्यात बारीक पॉलिश पेपरने ती नक्षी पार घासून टाका आणि तेथे थोडे फेरिक क्लोराइड लावा. पदर खरे असतील तर नक्षी पुन्हा वर येते. नसतील तर तो कोपरा एकरंगीच राहतो.

त्या परीक्षेतले दोन्ही अर्धे तुकडे आम्ही आणले आहेत. अध्यक्षांच्या समोरच्या टेबलावर ठेवले आहेत. ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी जाताना हातात घेऊन पाहावे. हाताचा घाम त्यांना सोसत नाही. शेजारी वाटीत तेलाचा बोळा आहे. पाहून झाले की तो एकदा फिरवून मग पुढच्या माणसाकडे द्यावे.